खळ्यावरचं जहाज

आमच्या गावात समुद्र पाहिलेला माणूस एकच होता, आणि तो माझा सख्खा थोरला भाऊ होता. एवढ्या एका गोष्टीवर मी वर्षभर शाळेत मान वर करून चालले. तुम्ही दोघं नातवंडं राहता तिथं स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणून तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण आमच्या शिवारात उभं राहून चारी दिशांना पाहिलं तर ज्वारी, कपाशी आणि आभाळ, एवढंच. सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यात फुगणारा नाला, आणि तोही दिवाळीपर्यंत आटायचा. अशा गावातून माधवदादा दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आरमारात गेला. तो खामगावच्या एका जिनात फिटर होता, सरकी काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. भरतीवाल्यांनी त्याचे हात पाहिले आणि त्याला घेऊन गेले. बाबांना कळलं तेव्हा तो मुंबईला पोचलाही होता.

गोष्ट नीट लागावी म्हणून आधी घर सांगते, मग खळं, आणि मग जहाज. आयुष्यभर मुलांना इंग्रजी शिकवलं, त्यामुळे क्रम सोडून बोलणं मला आजही जमत नाही. आमचं गाव जानेफळपासून गाडीवाटेनं जवळ. घरात बाबा (गाव त्यांना पाटील म्हणायचं), आई, दादा आणि मी. आईला आम्ही माय म्हणायचो. माय पहाटे जात्यावर बसली की आधी दगडाची घरघर, मग तिच्या बांगड्या, आणि मग गोठ्यातून बैलांच्या गळ्यातल्या घंट्या, असा घर जागं होण्याचा क्रम ठरलेला होता. हिवाळ्यात चुलीजवळ कळण्याची भाकर, ठेचा आणि वांग्याची भाजी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ती जाड, काळसर भाकर तव्यावरून उतरली की वास अंगणापर्यंत जायचा. इथं मी तशी करून पाहिली, पण गॅसवर ती फुगते आणि चव मात्र येत नाही.

खळं गावाबाहेर, आमच्या वावराच्या टोकाला होतं. कणसं खुडून झाली की जमीन ठोकून, शेणानं सारवून आरशासारखी करायची. मधोमध खांब रोवायचा, त्याला मेढ म्हणतात. तिच्याभोवती बैल फिरायचे आणि त्यांच्या खुरांखाली दाणा सुटायचा. खळ्यावर चप्पल घालून कुणी पाय ठेवत नसे. आणि बाबांचा एक कडक नेम होता, त्यांच्या बापाकडून आलेला: धान्याची रास घरी जाईपर्यंत खळ्यावर 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. सुतार येवो, न्हावी येवो, वाटसरू येवो, खळ्यावर जो जे मागेल ते द्यायचं. लोकही समजून मागत, कुणी बैल मागितला नाही. पण नेम तो नेम.

या खळ्याला लागून धुरा, म्हणजे दोन वावरांमधला बांध, आणि धुऱ्यापलीकडे गुलाबकाकांचं वावर. गुलाबकाका भाजीपाला करायचे. त्यांची वांगी मेहकरच्या बाजारात सगळ्यांच्या आधी संपायची. काकांचं आणि बाबांचं धुऱ्यावरून भांडण होतं. काकांच्या बाजूची दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन ओळींएवढी पट्टी, आपली आहे असं बाबांचं म्हणणं होतं. त्या पट्टीपायी त्यांनी मेहकरच्या कचेरीत खेटे घातले होते, आणि मला समजायला लागल्यापासून ते दोघं एकमेकांशी बोललेले मी पाहिले नव्हते.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला दादा रजेवर आला. त्याच वेळी अमडापूरच्या नारायणआप्पांच्या मुलीचं स्थळ त्याच्यासाठी बोलण्यात होतं. आप्पा बड्या जमिनीचे, शांत स्वभावाचे गृहस्थ, आणि इंदू त्यांची एकुलती एक मुलगी. ते मेहकरच्या जुन्या देवळाला जाणार होते आणि जाता जाता आमचं घर, वावर बघणार होते. बाबांनी त्यांना अभिमानानं सांगून ठेवलं होतं की आमचा माधव लढाऊ जहाजावर तोफ चालवतो. हे त्यांना कुणी सांगितलं होतं, तर कुणीच नाही. आरमार म्हणजे तोफा, असं धरून त्यांनी सांगून टाकलं होतं.

दादा आला, पाय धुतले आणि पाटावर बसला. मायनं तिसरी भाकर वाढेपर्यंत बाबांनी दम धरला. मग विचारलं, "तोफा किती हायेत रे जहाजावर?"

"एक. मांगच्या बाजूले. तीबी सरावापुरती."

"मंग लढते कशानं?"

"लढत नाही बाबा. लढणाऱ्याइले सांभाळते. लहान बोटी येतात, त्याइले तेल देते, पाणी देते, रोटी देते. मोडलं तोडलं दुरुस्त करते. त्याइचा दवाखानाबी आमच्याच जहाजावर."

बाबांचा हात ताटातच थांबला. "म्हंजे तू तिकडं भाकरी थापाले गेला काय?"

"भाकरी दुसरे थापतात. मी पंखे दुरुस्त करतो. बोटीच्या बुडाशी फिरते तो."

"आता त्या आप्पाले म्या काय सांगू?"

"खरं सांगा."

"खरं सांगून कोणाचं लग्न जमलं बे?" बाबा इतक्या कळवळून म्हणाले की मायला पदर तोंडाला लावावा लागला.

मायला तोफेचं काहीच नव्हतं. तिला चूल कळत नव्हती. एवढ्या माणसांची रोटी एकाच ठिकाणी भाजतात तर धूर कुठून जातो? आणि जहाज हललं की कणकेचं काय होतं? दादानं चुलीजवळच्या राखेत बोटानं जहाज काढून दाखवलं. माय वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "एवढंसं?" दादा हसला, राख पुसली आणि उठला. "चाल शांते. मायले मोठं काढून दाखवू."

आता माझं लिहिणं जरा घाईत होईल, कारण आठवलं की लेखणी माझ्याआधी पळते. मळणी झाली होती. रास खळ्याच्या कोपऱ्यात होती, बाकी सारवलेली जमीन मोकळी. दादानं मोटेचा नाडा, म्हणजे विहिरीतून पाणी ओढायचा तो लांब दोर, मापाला घेतला. मधली मेढ हे जहाजाचं धुराडं. तिच्यापासून मागे नाडा टाकत तो खळ्याच्या कडेपर्यंत गेला: ही शेपटी. मग पुढे. खळं संपलं तरी नाडा पुढेच. धुऱ्याशी येऊन दादा थांबला आणि डोकं खाजवू लागला. खरं जहाज जेवढं लांब तेवढंच काढायचं, एक हातही कमी नाही, असा त्याचा हट्ट होता, आणि जहाज धुऱ्यापलीकडे जात होतं.

तो सरळ गुलाबकाकांकडे गेला. मी मागे होतेच. काका वांग्यांच्या वाफ्यात होते.

"काका, जहाज तुमच्या वावरात येऊन राह्यलं."

"कधी?" काकांनी मान वर न करता विचारलं.

"आता. नाक आन छाती. बाकीचं आमच्याकडं."

काका उभे राहिले. "तुह्या बाच्या बाजूले काय काय हाय?"

"इंजन. कारखाना. तोफ."

"अन् माह्या बाजूले?"

"रोटीची भट्टी. दवाखाना."

काकांनी तंबाखू थुंकली, विचार केला. "दवाखाना मोठा पाह्यजे."

त्यांनी स्वतः आपल्या बाजूची ज्वारीची धसकटं उपटली, कुणाच्या पायाला टोचू नये म्हणून झाडून काढलं. दादानं राखेनं रेघा ओढल्या, मायनं शेजारणी गोळा करून टोपल्यांनी राख पुरवली. मी तुटक्या मडक्यांच्या खापरांवर कोळशानं खोल्यांची नावं लिहिली, एकेक खोलीच्या दारात ठेवली आणि अक्षर न येणाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवू लागले. बाबा आधी घरातच बसले होते. पण तिसऱ्या प्रहरी खळ्यावर आले, एका रेघेकडे बघून त्यांनी मान हलवली, आणि मग त्यांच्याच हातात टोपली आली. धुऱ्याच्या अलीकडे बाबा, पलीकडे काका, मध्ये दादा.

"माधव, सांग तुह्या बाले, रेघ वाकडी पडून राह्यली."

"माधव, सांग त्याले, जहाज मांगून वाकडंच असते."

"यानं कधी पाह्यलं बे जहाज?"

"त्यानं तरी कधी पाह्यलं?"

दुसऱ्या दिवशी गाव लोटलं. लोक खळ्याच्या कडेला चपला काढून जहाजात शिरत होते. दारातून न जाता राखेच्या भिंतीवरून कुणी पाय टाकला की पोरं ओरडायची, "अय, बुडशीन ना!" एका आजीबाईंनी काकांच्या वावरात जाऊन जहाजाच्या नाकाला हळदकुंकू वाहिलं. दादा घोळक्याघोळक्यानं माणसं फिरवत होता आणि जहाजाची हकीगत सांगत होता. ती इतक्यांदा ऐकली की मला आजही तशीच्या तशी येते.

ते जहाज मुळात लढाईचं नव्हतंच. कुठल्याशा थंड देशाच्या गोदीत बांधलेलं. चहा, ताग आणि थोडे प्रवासी वाहता वाहता म्हातारं झालेलं. ते भंगारात निघायचं तेवढ्यात लढाई लागली आणि आरमारानं ते घेतलं. चहाच्या कोठारात लेथ बसले, भाता बसला. प्रवाशांच्या खोल्यांचा दवाखाना झाला. जिथं साहेब लोक जेवायचे तिथं शेकडो पाव भाजायची भट्टी आली. खलाशी त्याला लाडानं बुढी म्हणत. शत्रू समुद्रात सुरुंग पेरून ठेवायचा, आणि ते वेचून वाट मोकळी करायला लहान लहान बोटी असत. त्यांवर धड झोपायला जागा नसे, अंग धुवायला गोडं पाणी नसे. काम करून थकल्या की त्या बुढीच्या कुशीला येऊन लागायच्या. बुढी त्यांना तेल, पाणी, गरम पाव, कोरडे कपडे द्यायची, आजाऱ्याला वर घ्यायची, मोडलेलं जोडून द्यायची. आधी ती पश्चिमेच्या एका बंदरात होती. बंदराचं नाव विचारलं की दादा नुसता हसायचा, कारण लढाईत ते सांगायची परवानगी नव्हती. मग तिला वळसा घालून पूर्वेला नेलं, आणि तिथं एका नदीच्या तोंडाशी चिखलात नांगर टाकून तिनं सगळा पावसाळा काढला. निम्मी माणसं हिवतापानं आडवी, तरी भट्टी एक दिवस थंड पडली नाही. एकदा एक बोट पंखा वाकवून आली. बाहेर धान्याची जहाजं वाट मोकळी व्हायची वाट बघत उभी होती. दादा आणि त्याच्या सोबत्यांनी पंखा उतरवला, तापवला, सरळ केला, पुन्हा चढवला. ती बोट गेली, आणि दिवस कलायच्या आत धान्याची जहाजं एकामागून एक आत आली. "आमचं जहाज जागचं हललंबी नाही," दादा म्हणायचा, "आन त्याच्याचपायी सारे हालत होते."

राखेच्या त्या कारखान्यात बसून त्यानं मला एकटीला एक गोष्ट सांगितली. लढाई संपली तरी तो आरमार सोडणार नव्हता. "इथं औत हाकीन, पण माहे हात तिकडंच राहतीन शांते." बाबांना हे सांगायचं अजून धाडस झालं नव्हतं.

आणि आप्पा आले. सकाळचं ऊन चढत असताना त्यांची दमणी, ती हलकी बैलगाडी, खळ्याशी येऊन थांबली. आप्पा पांढऱ्या फेट्यात, बरोबर त्यांची बहीण आणि इंदू. मी इंदूकडे टक लावून बघत होते. ती मात्र जमिनीवरची खापरं वाचत होती, ओठ हलवत, एकेक. तिला वाचता येत होतं!

आप्पांनी वहाणा काढल्या आणि विचारलं, "तोफ कोठी हाये?"

दादानं शेपटीला ठेवलेला नांगराचा दांडा दाखवला. "एकच हाये. सरावापुरती. आमचं जहाज लढत नाही." बाबांनी डोळे मिटून घेतले.

"पाटील तर म्हणे..."

"पाटलाले कोणी चुकीचं सांगितलं," बाबा पुटपुटले.

आप्पा मोठ्यानं हसले. "बरंच झालं की! माणूस जिता राहीन." बाबांच्या छातीवरचा धोंडा उतरलेला मला दिसला. मग आप्पा सगळं जहाज फिरले. कारखान्यात थांबले, धुराड्यावर थाप मारली, धुरा ओलांडून भट्टीत गेले आणि परत फिरताना धुऱ्याला लागूनच उभे राहिले. तिथून आमचं सगळं वावर दिसतं. बराच वेळ ते वावराकडे बघत होते.

"पाटील, खळ्यावर आलेल्याले तुम्ही रिकाम्या हातानं धाडत नाही, असं ऐकून आहो."

"आमच्या बापजाद्यापासून," बाबा खुशीत म्हणाले. "मांगा आप्पा."

"मंग मांगतो. लढाई सरली की पोरानं नोकरी सोडाची अन् हे वावर पाहाचं. मले एकच पोरगी हाये. तिच्या मायनं मरतानी माह्या हातात देल्ली. जो माणूस महिनोनमहिने पाण्यावर, त्याच्यामांगं तिनं कोणाच्या तोंडाकडं पाहावं?"

रास तिथंच होती. 'नाही' म्हणायची सोय नव्हती, आणि 'हो' म्हटलं की बाबांचा शब्द, म्हणजे दादाला बेडी. आप्पांचं बोलणं खोटं नव्हतं, त्यामुळे तर रागही येत नव्हता. दादाचा चेहरा राखेसारखा झाला. लेकाच्या तोंडाकडे बघून बाबांना न सांगितलेलं सगळं समजलं असावं.

"राम राम आप्पासाहेब," वाफ्याकडून गुलाबकाका आले. "एक सांगू काय? तुम्ही खळ्यावर मांगितलंच नाही. धुरा तुमच्या पाठीमांगं नाही, समोर हाये. तुम्ही माह्या वावरात उभे हा."

आप्पांनी पायाखाली पाहिलं. ते बरोबर त्या दोन तासांत उभे होते, ज्यांच्यासाठी बाबांनी मेहकरची वाट झिजवली होती. आप्पांनाही भांडण ऐकून ठाऊक असणार, कारण त्यांनी अगदी सावकाश विचारलं, "पाटील, हे वावर कोणाचं?"

सगळं गाव बाबांकडे बघत होतं. माझं म्हणाले तर मागणं आपल्याच खळ्यावर झालं आणि लेक बांधला जातो. काकांचं म्हणाले तर चारचौघांसमोर जमीन सुटते, कायमची. बाबांनी फेटा काढला, पुन्हा डोक्यावर ठेवला.

"गुलाबचं," ते म्हणाले. मग काकांकडेच बघून म्हणाले, "तुह्यंच हाये गुलाब."

काकांना एवढं अपेक्षित नव्हतं. ते दोनदा खाकरले. "मंग आप्पासाहेब, मांगितलं ते मले मांगितलं. माह्याजोळ आरमाराची नोकरी काही नाही. वांगे हायेत. न्या." आणि त्यांनी खरोखरच वांग्यांची टोपली आणून आप्पांच्या उपरण्यात ओतली.

हशा असा उठला की दमणीचे बैल बुजले. आप्पाही हसले. पण उपरण्याची टोकं धरून म्हणाले, "हासण्यावारी नेलं तुम्ही. माहं मांगणं मात्र राह्यलंच."

"मंग मी मांगू काय?"

तो आवाज राशीजवळून आला. इंदू तिथं उभी होती, सारवलेल्या जमिनीवर, खळ्याच्या अगदी आत.

"गप वं!" आत्याबाईंनी तिचा दंड धरला.

"मी तर खळ्यावरच हाये ना आत्या." तिनं दंड सोडवून घेतला. "मले हे जहाज खरं पाहाचं हाये. पाण्यावरचं."

त्या काळी मुलीनं असं बोलणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगून कळणार नाही. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सगळे दादाकडे बघू लागले. चार दिवस ज्याचं तोंड मिटलं नव्हतं, तो सुरुंग वेचणाऱ्यांचा सोबती मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं आपलाच कारखाना पुसत होता.

बाबाच इंदूला म्हणाले, "पाहाशीन माय. हाव. काऊन नाही पाहाशीन?"

आप्पा लेकीकडे बघत राहिले. "हे तुह्यं मांगणं व्हय?"

"हाव."

त्यांनी वांगी हळूच खाली ठेवली, आणि मायनं लगबगीनं पुढं केलेला तिळगूळ घेतला.

उन्हाळ्यात लग्न झालं. अक्षता टाकायला बाबा आणि काका शेजारी शेजारी उभे होते आणि मांडव कुणी वाकडा बांधला यावरून एकमेकांशी तोंडानं भांडत होते. लढाई संपल्यावर बुढीनं दूर देशी अडकलेले शिपाई घरी आणले, फेऱ्यांवर फेऱ्या करून. त्यानंतर ती मुंबईला आली, आणि एक दिवस खलाशांच्या घरच्या माणसांना जहाज बघायला परवानगी मिळाली. वहिनी निघाली, मी हट्ट करून निघाले, आणि आप्पा म्हणाले, पोरगी एकटी कशी जाईल, मीही येतो.

बुढी खळ्यावरच्या राखेएवढीच लांब होती, पण ती किती उंच असेल हे आम्ही कुणी धरलंच नव्हतं. शिडी चढताना मी ओरडले, वहिनी हसली, आप्पांनी फेटा दोन्ही हातांनी धरला. दादा आम्हाला भट्टी दाखवत होता. गरम पावाचा वास सुटला होता. तेवढ्यात खाली एक लहानशी बोट कुशीला येऊन लागली. तिच्यावरच्या एकानं हाक मारली, दादानं हातातला पाव वहिनीच्या हातात दिला आणि बोलणं अर्ध्यावर टाकून तो खाली गेला. लवकरच येईल म्हणून आम्ही कठड्याशी उभे राहिलो. तो आला नाही. खाली साखळीला टांगलेला पितळी पंखा, तेलकट पाणी, आणि त्यात कंबरेपर्यंत वाकलेला दादा. ऊन डोक्यावर आलं.

"बाबा, सावलीत या ना," वहिनी आप्पांना म्हणाली. "कवापासून उभे हा."

आप्पांनी कठडा सोडला नाही. खाली दादाकडे बघत त्यांनी मागच्या मागे हात हलवला.

"थांब वं. पंखा बसवून राह्यला तो."